थडग्यावरचा ट्रेलर

मी ट्रेलर बोलतोय, आणि जिवंत आहे. हे आधीच सांगून टाकतो. कारण थडग्याच्या दगडावर माझं चित्र कोरलंय आणि ते बघून येणारे-जाणारे नको ते समज करून घेतात.

तसा मी कोणी मोठा नाही. दोन चाकं, लोखंडी सांगाडा, फळ्या आणि वर निळी ताडपत्री. गाडीच्या मागे अडकवायचं आणि ओढायचं. शाळा कुठली आम्हाला? जे काय शिकलो ते पुढच्या गाडीच्या ढुंगणाकडे बघत शिकलो.

माझा पहिला मालक व्हिएन्नातला एक माळी होता. रोज मला धुवायचा, पण कधी एक शब्द बोलला नाही. त्याच्याकडून मला ग्राडिमिरने घेतलं. हा सर्बियाचा गडी, व्हिएन्नात इमारतींमध्ये फरशा बसवायचा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्या फळीवर थाप मारली आणि म्हणाला, "चल रे गाढवा, गावाला जायचंय." मला बरं वाटलं. शिवी का होईना, बोलला तर खरा.

मग दर उन्हाळ्यात तेच. गाडीत ग्राडिमिर, बायको ल्युबिंका, पोरगी तियाना, मागे मी. दिवसभर ऊन खात हंगेरी ओलांडायची, मोरावा नदीपलीकडच्या त्याच्या गावात शिरायचं आणि त्याच्या आईच्या दारात थांबायचं. माझ्यात कधी फरशा, कधी खिडक्या, एकदा तर अख्खा न्हाणीचा टब. घराचे तीन मजले झाले. राहायला एकटी म्हातारी स्तामेना, तीही खालच्या स्वयंपाकघरात. वरच्या पलंगांवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. राहायचं एकीकडे आणि बांधायचं दुसरीकडे, हे माणसांचं मला कधी समजलं नाही. पण मला विचारतो कोण?

एका हिवाळ्यात ग्राडिमिर कामावर बसल्या जागी गेला. हृदय थांबलं म्हणे. त्याला गावी न्यायला दुसरीच गाडी आली. मी अंगणात बर्फाखाली तसाच. पुढचे दोन उन्हाळे ल्युबिंका आणि तियाना बसने गेल्या. माझ्या चाकांतली हवा गेली, ताडपत्रीवर शेवाळ आलं. शेजारी मला भंगारात काढायला सांगून गेले. स्वतःच्या बापाला काढा म्हणावं.

मग विदोये आला. तोही तिकडचाच, व्हिएन्नात बेकरीत पाव भाजणारा. दारातून आडवं होऊन आत यावं लागेल एवढा रुंद, आणि पाय तर होड्या! त्याने माझे बेअरिंग बदलले, हवा भरली, मला ग्राडाच्या, म्हणजे आमच्या ग्राडिमिरच्या, गाडीला जोडून बघितलं. ल्युबिंका मला टेकून उभी होती. विदोयेने फोन वर धरला. "हस की! ट्रेलरसुद्धा तुझ्यापेक्षा हसरा आहे." ती अशी हसली, की मीही दचकलो. या बाईचं हसणं मी विसरलोच होतो.

शरद ऋतूत दोघं लग्न करणार, हे मला त्यानंतर कळलं. व्हिएन्नात सगळ्यांना माहीत होतं. फक्त स्तामेनाला कोणी सांगितलं नव्हतं.

त्या उन्हाळ्यात निघालो तेव्हा विदोये गाडी चालवत होता. हंगेरीत माझा दोर आवळायला थांबले, तेव्हा तो हळूच म्हणाला, "आज सांगणार ना?"

"पोचू तर दे," ल्युबिंका म्हणाली. "तिचा एकुलता एक मुलगा गेला, विदोये. आता मीही दुसऱ्याची झाले म्हटलं, की ती फाटक लावून घेईल. तियानाला आजी राहणार नाही. आणि खरं सांगू? मला आई राहणार नाही."

सीमेवर म्हणाली, जेवण झाल्यावर सांगते. गावात पोचल्यावर म्हणाली, उद्या.

स्तामेना फाटकात उभीच होती. काळा रुमाल, काळा झगा, हातात कोंबडी. तिने दोघींचे मुके घेतले आणि विदोयेला खालून वर न्याहाळलं. "हा कोण?"

"माझी पाठ दुखते ना, आई. म्हणून हा... ड्रायव्हर."

"ड्रायव्हर एवढा खातो का? बस रे बाबा, बस. खुर्ची जरा बघून."

दुसऱ्या दिवशी ग्राडाच्या नावाचं जेवण होतं. आमच्याकडे ते कबरीवरच मांडतात. मेलेल्यालाही वाढतात, जिवंतांनाही. म्हातारीने माझ्यात टेबलं, बाकं, भाजलेलं डुक्कर, पाव आणि आलुबुखाराच्या दारूच्या बाटल्या भरल्या, वर स्वतः बसली. कबरस्तानात मला ग्राडाच्या कबरीपाशी नेऊन लावलं. तिथे उंच नवा दगड उभा होता, पांढऱ्या चादरीत गुंडाळलेला.

"माझ्याकडून," स्तामेना म्हणाली. "दोघांसाठी." आणि चादर ओढली.

काळा चकचकीत दगड. त्यावर पुरुषभर उंचीचा ग्राडिमिर, सूट घातलेला. लग्नाच्या फोटोवरून कोरलेला, त्यामुळे पोरसवदा. आणि त्याला खेटून, तेवढीच उंच, कोपराला पर्स अडकवलेली, खदखदून हसणारी ल्युबिंका! खाली तिचं नाव, जन्माचं साल, एक आडवी रेघ आणि पुढे जागा कोरी.

आणि मागे गाडी. आणि गाडीच्या मागे मी! ताडपत्रीसकट, नंबरासकट. माझ्या डाव्या दिव्याची काच फुटलीय, तीसुद्धा फुटलेली कोरली होती.

तुम्ही कधी स्वतःला थडग्यावर बघितलंय? माझे बोल्ट सैल झाले. एक बाटली माझ्यातून घरंगळत खाली पडून फुटली. कोणी वळूनही बघितलं नाही.

"ओब्रेनचं काम," म्हातारी कौतुकाने म्हणाली. हा ओब्रेन म्हणजे गावचा पाथरवट. "साल तेवढं मागाहून टाकीन म्हणाला. तुला काही बघावं लागणार नाही, पोरी. जागा धरून ठेवलीय."

तियाना पांढरीफटक पडली. "आजी! आईचा उभा फोटो तू फ्रेम करायला मागितला होतास!"

"मग? ही काय फ्रेम नाही?" म्हातारीने दगडावरून हात फिरवला. "किती छान हसलीस गं. ग्राडा गेल्यापासून तुला असं हसताना बघितलं नव्हतं. ओब्रेनने फोटोतलं सगळं उतरवलं बघ, ही पायापाशी पडलेली सावलीसुद्धा. मी त्याला म्हटलं, राहू दे, ग्राडाचीच असणार."

दगडावर खाली खरंच एक सावली होती. रुंद खांद्यांची, एक हात वर धरलेली.

ल्युबिंकाने हातातली मेणबत्ती मातीत रोवली. "आई," ती म्हणाली, "ती याची सावली आहे. हा फोटो याने काढलाय. मी याच्याकडे बघून हसतेय. आम्ही लग्न करणार आहोत."

विदोये हातात डुकराच्या मांसाची ताटली घेऊन उभा होता. ती खाली ठेवावी की धरून राहावं, त्याला कळेना.

 म्हातारी माझ्या दांड्यावर येऊन बसली. मी तिचं वजन वर्षानुवर्षं ओळखतो. त्या दिवशी ती दुप्पट जड लागली. मग विदोयेला म्हणाली, "तुझा दगड कुठे आहे?"

"माझा? नाही अजून."

"जागा तरी घेतलीस?"

"नाही, काकू."

"पन्नाशीला आलास आणि मरून कुठे पडणार ते ठाऊक नाही! अशा माणसाकडे चालली ही!" तिने ल्युबिंकाच्या चित्रावर चादर टाकली, वरून दोर बांधला आणि एकटी चालत घरी गेली. जेवण तसंच राहिलं. गावच्या कुत्र्यांनी खाल्लं.

पुढे काही दिवस घरात भांडी तेवढी बोलत होती. विदोये अंगणात, माझ्या ताडपत्रीखाली झोपायचा. ल्युबिंकाने सामान भरलं, काढलं, पुन्हा भरलं. रोज सकाळी चुलीपाशी कॉफी घेऊन उभी राहायची. म्हातारी कॉफी घ्यायची, पण तिच्याकडे बघायची नाही.

एके सकाळी स्तामेनाने मला जोडायला सांगितलं. वाटेत ओब्रेन, त्याचं यंत्र आणि पाण्याचं पिंप माझ्यात चढवलं आणि कबरस्तानात आलो. तिने चादर काढली आणि बोट दाखवलं. "हिच्या डोक्यावर रुमाल कोर. तोंडावर सुरकुत्या घाल, हव्या तेवढ्या घाल, माझ्याकडे भरपूर आहेत. नावावर नवी पट्टी बसव. माझं नाव."

ल्युबिंका रडायला लागली. "आई, तुमची जागा तर तिकडे सासऱ्यांपाशी आहे."

"त्यांच्यापाशी काढला की सगळा जन्म. आता पोरापाशी पडते."

ओब्रेन दुपारभर टोचत राहिला. मोकळे केस रुमालाखाली गेले, गालांवर सुरकुत्या आल्या. मग त्याने हात झटकले. "स्तामेनाताई, हसू काही जात नाही. कोरलेलं पुसता येत नाही. ही पर्सही, आणि सावलीही."

म्हातारी दगडाला नाक लावून बघत राहिली. "पर्स राहू दे. मला कधी नव्हती." मग म्हणाली, "हसूही राहू दे." सावलीबद्दल ती काही बोलली नाही. म्हणजे तीही राहिली.

निघायच्या दिवशी विदोये मला जोडायला आला, तशी ती आडवी आली. "गाडी न्या. पोर न्या. हा ट्रेलर इथेच राहील."

"का, आजी?" तियानाने विचारलं.

"न्यायला तरी याल."

तेव्हापासून मी या अंगणात, अक्रोडाच्या झाडाखाली आहे. माझ्यात कोंबड्या बसतात, घाण करतात, एक शहाणी तर अंडीही घालते. या उन्हाळ्यात येतो म्हणून फोन आलाय, कधी ते सांगितलेलं नाही. म्हातारी संध्याकाळी माझ्या दांड्यावर बसून लोकरीचे मोजे विणते. कोणासाठी, असं शेजारणीने विचारलं तर म्हणते, असेच. असेच कसले? एवढे मोठे पाय या घरात कधीच कोणाचे नव्हते.

तेव्हा माझं एवढंच म्हणणं आहे. कबरस्तानात मला बघाल तर टोपी काढू नका. तिथे सालापुढची जागा कोरी आहे, म्हातारीची आणि माझीही. ती भरायची कोणी घाई करू नये. त्यापेक्षा इकडे या, या कोंबड्या हाकला आणि माझ्या डाव्या चाकात हवा भरा.