काही झालं का?

मेजर हे काही मेजर नव्हते. त्या हुद्द्याच्या बऱ्याच पायऱ्या खालीच ते निवृत्त झाले होते. पण लष्करातून आलेल्या माणसाला लोकांनी एकदा मेजर म्हटलं की तो जन्मभर मेजर, त्याला इलाज नाही. एकोणतीस वर्षं त्यांनी वर्कशॉपात काढली. रणगाडे, ट्रक, जनरेटर, आणि चिखलात रुतलेला रणगाडा पोलादी दोराने ओढून काढणाऱ्या अगडबंब गाड्या. शेवटची सात वर्षं तर अख्खं वर्कशॉप त्यांच्या सहीवर चालत होतं. मेजरांनी यंत्रावर लाल पाटी लटकवली की ते यंत्र बंद, मग कर्नल येवो नाहीतर कर्नलचा बाप. एकदा खुद्द मोठ्या साहेबांची गाडी त्यांनी ब्रेकपायी अडवली होती, आणि साहेब मुकाट्याने पायी जेवायला गेले होते. पाटी ज्याने लावली त्यानेच काढायची, एवढाच तिथला कायदा. त्याला कुलूप लागत नसे.

पन्नाशीला लष्कराने निरोप दिला तेव्हा मेजरांना वाटलं होतं, यंत्रं काय, सगळीकडेच असतात. यंत्रं होतीच. त्यांना विचारणारं मात्र कोणी नव्हतं. अकरा मुलाखती झाल्या. एका ठिकाणी मुलाच्या वयाच्या साहेबाने विचारलं, "ग्राहक सांभाळलेत का कधी?"

"आमचे ग्राहक तक्रार करायला परत येत नसत," मेजर म्हणाले. "काम चांगलं झालं तर तक्रार नसायची, आणि वाईट झालं तर माणूस नसायचा."

वर्कशॉपात या विनोदावर वीस वर्षं हशा पिकत आला होता. इथे साहेबाने कागदावर काहीतरी लिहून घेतलं. दुसऱ्या ठिकाणी त्यांना मोठ्या संकटातून मार्ग काढल्याचं एक उदाहरण मागितलं. मेजरांना ते सापडेना. संकट येऊ नये एवढ्यासाठीच तर ते पहाटे साडेचारला उठत होते. अशा कामाचं उदाहरण द्यायचं कसं? जे घडलंच नाही ते दाखवायचं कसं? ती नोकरीही गेली.

शेवटी जावयाने शब्द टाकला. जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडून घ्यायचं नसतं, असं मानणाऱ्या पिढीतले मेजर. पण घरी बसून बायकोच्या मिक्सरला तेल घालण्यापेक्षा ते बरं, म्हणून त्यांनी मान तुकवली. जावयाच्या ओळखीचा एक लिफ्ट कंपनीवाला होता. शहरातल्या दीडशे लिफ्टची देखभाल त्याच्याकडे, हाताखाली सहा मिस्त्री. "देखभाल व्यवस्थापक" अशी पाटी टेबलावर आली. मालक प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला मेजरांच्या टेबलाशी घेऊन यायचा आणि म्हणायचा, "आमच्याकडे लष्करी शिस्त आहे." मेजरांना सुरुवातीला तो मान वाटला. पुढे कळलं की मालकाला शिस्त नको होती, शिस्तीचा माणूस हवा होता, दाखवायला.

दोन महिने निभलं. तिसऱ्या महिन्यात फेरीमध्ये मुलीची इमारत आली.

मुलगी आठव्या मजल्यावर राहायची. नवरा, सासू आणि ती. इमारतीला लिफ्ट एकच, आणि तीही म्हातारी. मेजर मशीनरूममध्ये गेले, लिफ्ट बंद करायला लावली आणि खिशातली सुती चिंधी काढून दोरांवरून हळूहळू फिरवली. चार दोर होते. दोनांवर चिंधी सरळ सरकली. तिसऱ्यावर अडकली. चौथ्यावर तर हातभर अंतरात सात ठिकाणी अडकून फाटली. जिथे चिंधी अडकते तिथे आतली तार तुटून बाहेर आलेली असते, हे त्यांना झोपेतही ठाऊक होतं. दोरांच्या पेडांतून गंजाची लाल भुकटी निघत होती. मग ते खाली गेले. दोर तुटलाच तर लिफ्टला जागीच आवळून धरणारी एक पकड असते, तिचे जबडे वर्षानुवर्षांच्या चिकट मळाने घट्ट बसले होते. हातोडीनेही हलले नाहीत.

"अशीच चालतेय सात वर्षं," बरोबरचा म्हातारा मिस्त्री म्हणाला.

"म्हणूनच बंद करायची," मेजर म्हणाले. त्यांनी मुख्य खटका खाली केला आणि त्यावर लाल पाटी लटकवली. नवे दोर यायला दहा दिवस लागणार होते. मशीनरूमची किल्ली त्यांनी वॉचमनकडे दिली आणि घरी गेले. खटक्याला कुलूप घालावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. पाटी लावली की झालं! लष्करातून आलेला माणूसच अशी चूक करू जाणे.

संध्याकाळपासून फोन सुरू झाले. आधी इमारतीचा सेक्रेटरी, मग मालक. "चारांतले दोन दोर चांगले आहेत ना मेजर? मग? हळू चालवू. माणसं कमी घेऊ." मग जावई, अगदी गोड आवाजात, "बाबा, थोडं बघा ना काही होतंय का." शेवटी विहीणबाई. त्यांचे गुडघे आधीच जगजाहीर होते. "व्याहीबुवा, तुमच्या कृपेने मी आता आकाशातच राहते," त्या म्हणाल्या. "देवाला जवळ पडतं." घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, असं मेजर मनाशी म्हणाले. पण पाटी हलली नाही.

चौथ्या दिवशी ते नव्या दोरांची मापं घ्यायला गेले तर लिफ्ट वर-खाली चालू होती. एक बाई पिशव्या घेऊन त्यांच्या डोळ्यांदेखत आत शिरली आणि दार मिटलं. मेजर जिना चढू लागले. वॉचमन म्हणाला, किल्ली आठव्या मजल्यावरच्या ताईंनी नेली होती. ताई म्हणजे त्यांचीच लेक.

मुलगी इस्त्री करत होती. बापाला धापा टाकताना पाहून तिने खुर्ची पुढे केली.

"पाटी तू काढलीस?"

"हो." तिने इस्त्री उभी केली. "आईंना डॉक्टरकडे न्यायचं होतं. दोन दिवस पुढे ढकललं. तिसऱ्या दिवशी त्या नातेवाइकांना फोनवर सांगत होत्या की सुनेच्या बापाने मला कोंडून घातलंय. मी वर गेले, पाटी काढली, खटका वर केला."

"तुला माहीत होतं ती पाटी म्हणजे काय. दुसऱ्या कोणी काढली असती तर..."

"मला माहीत नसणार तर कोणाला?" ती म्हणाली. "माझ्या सायकलला दोन महिने तुमची पाटी होती, बाबा. चाकाचा कसला तरी भाग येत नव्हता म्हणून. मी भर उन्हात शाळेत चालत जायचे, आणि सगळ्या मुली माझ्या बाजूने सायकलवरून जायच्या. तेव्हाच काढून फेकायला हवी होती."

"पुढच्या चाकाचा कणा तडकला होता ग."

"असेल. तुमचं नेहमी बरोबरच असतं. तिकडे दोनशे माणसं तुम्हाला घाबरायची. इथे मी या माणसांत राहते. ते तुम्हाला काही बोलत नाहीत. मला बोलतात. तुमची नोकरी त्यांच्या शब्दावर, हे मला दिवसातून दोनदा ऐकावं लागतं."

मेजर उठले आणि खटका पुन्हा खाली करायला वर गेले, तर वॉचमन मशीनरूमच्या दारात आडवा. त्याच्या हातात फोन, फोनवर मालक. "मेजर, हात लावायचा नाही. जुन्या मिस्त्रीने पाहून सही केलीय. तीन दिवस तुम्ही लोकांना जिने चढायला लावलेत. लिफ्ट कालपासून चालू आहे. काही झालं का? उगाच साप साप म्हणून भुई धोपटायची!"

दोरांची मागणी मालकाने रद्द केली. मेजरांनी सरकारी कचेरीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की तपासणी क्रमाने होईल. मग ते वाट बघत राहिले. एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. लिफ्टला काही झालं नाही. आणि काही न होणं हा आता मेजरांविरुद्धचा पुरावा झाला. जुना मिस्त्री रोज सकाळी विचारायचा, "काय मेजर, पडली का लिफ्ट?" एकदा कोणीतरी चहाच्या थर्मासला लाल पाटी अडकवून ठेवली. सगळे पोट धरून हसले. मेजरही हसले. त्या दुपारी त्यांना जेवण गेलं नाही.

वाईट वाटायचं ते याचं, की एकोणतीस वर्षं हेच तर त्यांचं सगळं कर्तृत्व होतं. काही झालं नाही. गाडी उलटली नाही, दोर तुटला नाही, कोणाच्या आईला तार गेली नाही. तिथे याला चांगलं काम म्हणत. इथे तेच शब्द त्यांच्या तोंडावर फेकले जात होते.

चौथ्या आठवड्यातल्या रविवारी विहीणबाईंनी दोघांना जेवायला बोलावलं. झालं गेलं विसरून जाऊ, असा निरोप होता. मुलगी आईला घ्यायला खाली आली होती. मेजर जिन्याकडे वळले तेव्हा बायको म्हणाली, "तुम्ही चढा हो खुशाल. मला माझे गुडघे प्यारे आहेत." तिने बरोबर आणलेला खिरीचा डबा सांभाळला आणि मायलेकी लिफ्टमध्ये शिरल्या.

पाचव्या मजल्याच्या वळणावर मेजर थांबले. भिंतीपलीकडून लिफ्ट वर जात होती, आणि मध्येच कुठेतरी कट् असा आवाज झाला. लिफ्ट किंचित अडखळली. मेजरांनी कठडा घट्ट धरला, आणि त्यांच्या मनात शब्द आले, अगदी स्पष्ट: तुटू दे. एकदाचा तुटू दे, म्हणजे कळेल सगळ्यांना.

आत कोण आहे हे त्यांना माहीत होतं. माहीत असूनही त्यांनी कान लावला. दोन-तीन श्वासांएवढा वेळ ते खरोखर वाट बघत होते.

मग वर दार उघडलं. मुलगी कशाला तरी हसली. बायको विहीणबाईंना हाक मारत आत गेली. मेजर पायरीवर बसले. दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले.

जेवताना बायको म्हणाली, "केवढा घाम आलाय हो तुम्हाला." विहीणबाईंनी खीर वाढली. "उतरताना तरी लिफ्टने या व्याहीबुवा. काही होत नाही." मेजर हो म्हणाले. मुलीने न सांगता त्यांच्या पानात आणखी एक वाटी ठेवली. तेवढीच तिची माफी होती, हे त्यांना कळलं. त्यांना तिच्या तोंडाकडे बघवेना.

सोमवारी त्यांनी राजीनामा दिला. पहिलं पान भरून दोरांबद्दल आणि पकडीबद्दल लिहिलं होतं, आणि खाली एका ओळीत नोकरी सोडत असल्याचं. मालकाने पहिलं पान वाचलं नाही. "मनाला लावून घेतलंत मेजर," तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर सुटकाही दिसत होती. मेजर नाही म्हणाले. यंत्र मोडावं म्हणून वाट बघणाऱ्या माणसाला त्यांनी आपल्या वर्कशॉपच्या फाटकातून आत घेतलं नसतं. आता तो माणूस ते स्वतः होते, हे मालकाला सांगून काय उपयोग?

संध्याकाळी मुलीचा फोन आला. जावयाने तिला सांगितलं होतं.

"बाबा, माझ्यामुळे सोडलीत ना?"

"नाही ग."

"पाटी मी काढली म्हणूनच. खरं सांगा."

"तसं नाही, बाळा."

"मी लावते पुन्हा. आत्ता वर जाते आणि खटका खाली करते. मग तर परत जाल?" ती रडायला लागली होती. "मी तुमचं नाक कापलं, बाबा. मला तेव्हा काही सुचलंच नाही."

मेजर फोन कानाला धरून ऐकत राहिले. तिला एका वाक्यात गप्प करता आलं असतं. पण ते वाक्य कुठल्याही बापाला आपल्या लेकीला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून त्यांनी तिला रडू दिलं.