कुलपात जपलेला टॅब

"आतलं सगळं पुसून टाक आणि देऊन टाक तो डबा!"

"असं कसं पुसू, बाबा? आमचा जिराफ आहे त्यात!"

"जिराफ? मी काय इथं प्राणिसंग्रहालय काढलंय?"

मित्रांनो, तो डबा म्हणजे मी. मी एक जुना टॅब आहे. जुना म्हणजे नुसता वयानं. अंगावर एक ओरखडा नाही, काचेवरचं पातळ प्लॅस्टिकसुद्धा अजून निघालेलं नाही. ओरडणारे ते मालक, लाकडी खेळण्यांच्या या कारखान्याचे. समोर ठाण मांडून उभी ती त्यांची मुलगी. आज एका दवाखान्याचा माणूस मला न्यायला येणार आहे. त्याआधी माझी गोष्ट सांगून घेतो.

मला आणलं मुलीनंच. तोवर सुतारकाका एका कोपऱ्यात कापायचे, रंगवणाऱ्या मावशी दुसऱ्या कोपऱ्यात रंगवायच्या, आणि खेळणं बिघडलं की दोघं एकमेकांकडे बोट दाखवायचे. एकदा काकांनी बदकाचं डोकं उलटं बसवलं, मावशींनी ते तसंच रंगवलं. "मला काय सांगितलं होतं? रंगवायला. रंगवलं!" तेव्हा मुलगी म्हणाली, आता आधी तिघांनी मिळून याच्यावर चित्र काढायचं, मगच लाकडाला हात लावायचा.

काय दिवस होता तो माझा! मला टेबलावर भुशातच ठेवलं. दोरी ओढली की चालणारा जिराफ काढायचा होता. काका बोट लावायलाच तयार नव्हते. "मोडला तर माझ्या नावावर!" मग मुलीनं मान काढली आणि काकांना राहवलं नाही.

"अगं, एवढी लांब मान? तोंडावर आपटेल ना!"

त्यांनी ती खोडून आखूड काढली. मावशींनी काकांची खोडली. "हा जिराफ आहे का बकरी?"

तिघांची डोकी माझ्यावर. कुणाचा घाम पडतोय, कुणाची बांगडी लागतेय. एकाची रेघ दुसरा खोडत होता आणि रुसत कुणीच नव्हतं. असा गोंधळ मला पुढे कधीच मिळाला नाही.

कारण मालक आले. मावशींच्या बोटाचा पिवळा रंग माझ्या कोपऱ्याला लागला होता. झालं!

"अहो, एवढी महागाची वस्तू! जपायला नको?"

रंग ओल्या फडक्यानं लगेच निघाला. मी मात्र कपाटात गेलो. कुलूप लागलं. किल्ली मालकांच्या खिशात.

मित्रांनो, कपाटात दिसत काही नाही, ऐकू मात्र सगळं येतं. काकांनी नुसत्या आठवणीवरून जिराफ बनवला. ठप्प! तोंडावर पडला. दुसरा बनवला. ठप्प! मावशी लांबूनच म्हणाल्या, "मला कोण विचारतंय!" मुलगी किल्ली मागून मागून थकली. चित्र माझ्या पोटात, आणि मी बंद. पाहुणे आले की मालक मला बाहेर काढायचे. "आमच्याकडे आता सगळं याच्यावर चालतं!" अरे, मग मला चालू तरी करा! पाहुणा वा वा म्हणायचा आणि मी परत आत. राग येणार नाही का? समोर कुणी असलं तर राग येतो आणि जातो. एकट्याचा राग नुसता बसून राहतो.

आणि आज तेच मालक म्हणतात, "कुणी हातही लावत नाही, ठेवायचा कशाला?"

मघाचं भांडण झाल्यावर मालक तणतणत बाहेर गेले. मुलीनं मला चालू केलं आणि दोघांना हाक मारली. "या, शेवटचं बघून घ्या."

काका रंधा ठेवून आले. मावशी हात पुसत आल्या.

"मान लांबच होती," काका म्हणाले. "मी तेव्हाच सांगत होतो."

"मग वळवा की मागे!" मावशी म्हणाल्या. " शेपटीवर माशी बसलीय का बघतोय म्हणा."

काकांनी मुलीच्या हातातला पेन ओढून घेतला आणि जिराफाची मान मागे वळवली. सगळा भार पाठीवर आला.

"आता पडून दाखव म्हणावं!"

तिघंही हसली. माझ्यावर. म्हणजे, माझ्यावर वाकून.

"झालं का पुसून? माणूस आलाय!" मालक दारात.

"बाबा, बघा तरी! जमलाय!"

"मग फोटो काढून ठेवा. मी त्याला शब्द दिलाय."

तिघांनी आपापल्या फोनमध्ये फोटो काढला. मग मुलीनं मला पुसलं. जरा थांबून पुसलं.

जिराफ वाचला, मित्रांनो. पण तीन खिशांत. फोटोतली रेघ खोडता येत नाही, तिच्यावरून भांडता येत नाही. काका त्यांच्या कोपऱ्यात गेले. मावशी त्यांच्या.

दवाखान्यात मी म्हणे पेशंटचे नंबर दाखवणार. दिवसभर लोक माझ्याकडे बघतील. माझ्याकडे कसले, नंबराकडे.

एकच सांगतो. तुमच्या घरात असं कुलपात जपलेलं काही असेल, तर काढा बाहेर. लागू दे रंग, पडू दे ओरखडे. वस्तूची काळजी अशी घेतात. आणि एकटे एकटे घेऊन बसू नका, आणखी दोघांना बोलवा, त्यांनाही बोट... अहो, हळू! खोक्याचं झाकण लावतायत. मला निघावं लागतंय.