वहिनींची पट्टी

उन्हाळ्याची गाणी गाणाऱ्या बाईलाच उन्हाळा सोसत नाही, असं कुणाला सांगितलं तर लोक हसतील. पण वहिनींना तो खरंच सोसत नव्हता. हंगामाच्या पहिल्या संध्याकाळी त्या हॉटेलच्या भटारखान्यामागच्या खोलीत, घडीच्या खुर्च्या आणि मिटलेल्या छत्र्यांच्या अडगळीत, टेबलफॅनसमोर पाय स्टुलावर टाकून बसल्या होत्या. पाय सुजले होते. निळा सॅटिनचा झगा पाठीला चिकटला होता. बाहेर ऊन कलायला लागलं होतं आणि तळ्याकाठची टेबलं भरत होती.

फलकावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत असे, पण बँडमध्ये त्या सगळ्यांच्या वहिनीच. कारण बँड मुळात घरचा. नवरा, म्हणजे थोरले, ट्रंपेट वाजवायचे आणि धाकटा दीर पियानो. दिराला त्या भावजी म्हणत. ते वहिनी म्हणतात म्हणून बासवाल्यानं, ड्रमवाल्यानं आणि शेवटी हॉटेलच्या वाढप्यांनीही तेच उचललं. थोरले गेले, ट्रंपेटची खुर्ची गेली, गाणी मात्र तीच राहिली. जॅझची जुनी, संथ गाणी. त्यांत तळं असतं, झोपाळा असतो, सावलीत आडवं पडलेलं माणूस असतं आणि कुणालाच कुठे जायचं नसतं. ऐकणाऱ्यांना फार बरं वाटायचं. गाणारीनं मात्र लग्न झाल्यापासून एकही उन्हाळा आडवं पडून काढला नव्हता. उन्हाळा म्हणजे हंगाम, आणि हंगाम म्हणजे रोज संध्याकाळी दोन पायांवर उभं राहणं.

मग सोडून का देत नव्हत्या? तर एक शब्द आड येत होता. थोरल्यांच्या शेवटच्या आजारात त्या त्यांना म्हणाल्या होत्या, "मी पट्टी खाली आणणार नाही. पांढरी पाच म्हणजे पांढरी पाच. तिथे सूर लागेनासा झाला की त्याच दिवशी उतरेन, त्याआधी नाही." बोलून बसल्या खऱ्या. शिवाय नुसतं दमले म्हणून थांबावं, तर भावजींचं काय? त्या माणसाला पियानोशिवाय दुसरं काही येत नाही, आणि वहिनींशिवाय त्यांना कुणी बोलवत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्हणून वहिनी कित्येक वर्षं गळा फुटायची वाट बघत होत्या, आणि मेला गळा काही फुटत नव्हता. त्यांच्या वयाच्या बायकांचे आवाज बसले, यांचा आपला वर जाऊन लागतोच आहे. लोक तोंडात बोटं घालायचे. वहिनी हसून मान तुकवायच्या आणि मनात म्हणायच्या, म्हणजे पुढच्या वर्षीही आहेच.

यंदा भावजींचं मनगट सुजलं होतं. डॉक्टरांनी क्रेप बँडेज बांधून हात हलवायचा नाही म्हणून दम भरला होता. म्हणून पियानोवर त्यांची लेक बसणार होती. ती नाचाच्या क्लासात पियानो वाजवायची, हात तयार होता. तरी आता दारात उभी राहून ओढणीचं टोक पिळत होती.

"गाणी पाठ आहेत ना?" वहिनींनी विचारलं.

"सगळी पाठ आहेत, काकू. लहानपणी पियानोखाली बसून ऐकलीत."

"मग घाबरतेस कशाला?"

"तुम्हाला."

"मला माझे पायसुद्धा घाबरत नाहीत, बाई. बघ, सांगून चालत नाहीत." असं म्हणून त्या कण्हत उठल्या.

वहिनींची उभं राहायची एक रीत होती. पाठ पियानोकडे, तोंड लोकांकडे. गाणारीनं पियानोच्या पट्ट्यांकडे बघायचं नाही, हे थोरल्यांनी शिकवलेलं. पियानोनं सुरुवातीचा तुकडा वाजवायचा, त्यातून कानानं सूर उचलायचा, बस्स. पुतणीनं तुकडा सुरू केला तसा बासवाल्याचा हात तारेवर थबकला. ड्रमवाला उगाच खाकरला. पुढच्या टेबलाशी बसलेले भावजी खुर्चीतून अर्धे उठले. लेकीचं कौतुक, दुसरं काय, असं वहिनींना वाटलं आणि त्यांनी गायला सुरुवात केली.

पहिल्या ओळींतच मानेच्या शिरा ताणल्या. मग ती जागा आली, जिथे आवाजानं वर चढून निवांत बसायचं असतं. आवाज वर गेला, त्याला बसायला काही सापडलं नाही, आणि तो मोरीत भांडं आपटावं तसा फुटला. कुणीतरी दयेनं टाळी वाजवली.

वहिनींच्या मनात पहिला शब्द आला तो 'सुटले'. लाज मागाहून आली. त्यांनी गाणं खालच्या सुरात कसंबसं उरकलं, जरा थांबते म्हणून लोकांची माफी मागितली आणि खोली गाठली.

पुतणी रडतच मागून आली. "काकू, माझं चुकलं. बासकाका म्हणतात, मी फार वर धरलं. पण मी पांढरी पाचच धरली होती. लहानपणापासून तीच ऐकलीय."

"मग तीच तर माझी आहे. वर कुठलं?"

पुतणीनं दाराकडे पाहिलं. दारात भावजी उभे होते. त्यांच्यामागे बासवाला स्वतःचे बूट न्याहाळत होता.

"भावजी, मी कुठल्या पट्टीत गाते?"

"पांढरी पाच, वहिनी."

"खरं सांगा."

"काळी दोन," भावजी पुटपुटले. "दादा गेल्यापासून. अधूनमधून एकेक घर खाली घेत गेलो. हिला सांगायचं राहिलंच."

"बँडला ठाऊक होतं?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची, वहिनी," बासवाला बुटांकडे बघतच म्हणाला आणि तिथून सटकला.

वहिनींना राग आला, फार आला. "वर्षानुवर्षं मी गळा फुटायची वाट बघतेय. तो फुटला की दिलेला शब्द पाळून मोकळी होणार होते. तुम्ही फुटूच दिला नाहीत!"

भावजी एका घडीच्या खुर्चीवर हळूच टेकले. "तुम्हाला थांबायचं होतं?"

"केव्हाचंच."

"मलाही." ते हसायला गेले, पण हसू आलं नाही. "दर हंगामाला वाटायचं, यंदा वहिनींच्या लक्षात येईल. चिडतील, उतरतील, आणि मलाही घरी पडता येईल. तुमच्या लक्षातच येईना."

"मग तोंडानं सांगायचं नाही का?"

"तुम्हाला आता जमत नाही, हे मी सांगू? जीभ झडली असती माझी."

"आणि मी थांबले तर तुमचं कसं होईल, म्हणून मी उभी राहत होते."

टेबलफॅन खरखरत राहिला. कुणावर चिडणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. वहिनींना भावजींच्या डोळ्यांखालच्या पिशव्या आज नीट दिसल्या. एवढे उन्हाळे दोघांनी एकमेकांवर दया करण्यात घालवले, या विचारानं त्यांचा राग गळून पडला आणि खाली नुसता थकवा उरला.

मॅनेजर आत डोकावला. "मॅडम, लोक थांबलेत."

"येते. माझं आज शेवटचं गाणं. उद्यापासून या मुलीला एकटीला वाजवू द्या, लोक ऐकतील." मॅनेजर काही बोलायच्या आत त्यांनी त्याच्या हातात एक खुर्ची दिली. "आणि ही बाहेर नेऊन ठेवा. मी बसून गाणार आहे."

त्या पियानोला काटकोनात बसल्या. पांढऱ्या-काळ्या पट्ट्या इतक्या जवळून गाताना त्यांनी कधी पाहिल्या नव्हत्या.

"काळी दोन धरू, काकू?" पुतणीनं हळूच विचारलं.

"आणखी खाली घे. मला चढायला लागणार नाही, अशा ठिकाणी."

सावलीत पडलेल्या माणसाचंच गाणं होतं. खालच्या सुरात आवाज खरखरीत, बोलल्यासारखा येत होता, पण कुठे ताण नव्हता. वहिनींना वाटलं, हे गाणं असं होतं तर! अर्ध्यावर आल्यावर त्यांची नजर पुढच्या टेबलाकडे गेली. भावजी झोपले होते. बँडेजचा हात मांडीवर, मान कलती, तोंड जरासं उघडं. आयुष्यभर त्यांनी हे गाणं वाजवलं होतं, खुर्चीत बसून ऐकायची पाळी आजच आली होती.

वहिनींनी आवाज आणखी उतरवला. ड्रमवाल्यानं ते पाहून ब्रश खाली ठेवले. शेवटची ओळ पहिल्या रांगेपुरतीच पोचली असेल. गाणं संपलं आणि टाळ्यांसाठी हात उचलले गेले, तोच वहिनींनी ओठांवर बोट ठेवलं आणि डोळ्यांनीच पुढचं टेबल दाखवलं.

एकेक करून सगळ्यांनी हात खाली घेतले. भावजी झोपलेलेच होते.