गेरूचा देव

१९७४च्या माघातल्या रविवारी विनोदिनी वडिलांबरोबर वैराटगड चढली, ती शेवटचीच. वाट चुकू नये म्हणून अण्णांनी मागच्याच रविवारी एका दगडावर गेरूचा पट्टा ओढला होता. आता त्या दगडावर हळदकुंकू, झेंडूची फुले आणि वर नारळ! सरपणाची मोळी बाजूला टाकून साळूबाई हात जोडून उभी होती.

"आवं मास्तर, पाया पडा. लय कडक देव हाय. हरवलेली म्हस गावली माजी."

"अण्णा, खरं सांगा ना तिला," विनोदिनी कुजबुजली.

देव न मानणाऱ्या अण्णांनी मुकाट्याने चपला काढल्या आणि हात जोडले. वळणापलीकडे गेल्यावर दोघे पोट धरून हसले.

"दर रविवारी तुला ओढून आणतो. आवडतं का गं?"

"पाय दुखतात," ती म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी शाळेत शिकवता शिकवता अण्णा कोसळले. दवाखान्यात नेईपर्यंतही राहिले नाहीत.

महिन्याने ती एकटीच गड चढली. माथ्यावर वाऱ्याखेरीज कोणी नव्हते.

"अण्णा," ती मोठ्याने म्हणाली, "आवडायचं मला. आठवडाभर मी रविवारचीच वाट बघायचे."