बेचाळिसावा उल्लेख

ताईला बढतीसाठी तिच्या शोधनिबंधाचा इतर लेखनात किमान चाळीस वेळा उल्लेख झाल्याचं दाखवायचं होतं. मोजले तर एकेचाळीस निघाले. अर्ज भरताना मी सहज ते वाचले.

“ताई, यातले तेवीस जण तुझी चूक दाखवतायत. एका रुग्णालयात रक्तातली साखर मोजायचं एकक वेगळं होतं, तू ते आकडे न बदलता तसेच बाकीच्यांत मिसळलेस.”

“कौतुकाचेच उल्लेख हवेत, असं अर्जात कुठं लिहिलंय?”

“नाही लिहिलेलं.”

“मग भर एकेचाळीस.”

मी भरले. तिनं मात्र ते तेवीस उल्लेख स्वतः एकेक करून वाचले. मग तिनं निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला चूक कबूल करणारं पत्र लिहिलं आणि म्हणाली, “याची प्रत अर्जाला जोड.”

“आणि बढती हुकली तर?”

“हुकू दे. या पत्रातही निबंधाचा उल्लेख आहे. आकडा बेचाळीस कर.”