मैनाबाईची मापाची दोरी

मी दोरी बोलतेय. विहिरीची नाही, आणि गुरांच्या दाव्याची तर मुळीच नाही. मी मापाची दोरी. करंगळीपेक्षा बारीक, पण अंगावर पाच गाठी होत्या आणि त्या गाठींचा मला भारी तोरा होता. होता म्हणतेय, कारण पातूरला तो पार उतरला.

माझा जन्म अकोल्याजवळच्या एका खेड्यातला. सातासमुद्रापार कुठंतरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला, त्या सालचा. लोकांनी गाद्या उसवून आतला कापूस विकला, खोटं नाही सांगत! माझी धनीण मैनाबाई. तिनं मूठभर कापूस पदराखाली लपवला आणि टकळीवर मला कातलं. नवरा सूर्यभान करवादलाच.

"अवो, त्या मुठीचेबी पैसे आले असते ना! दोरी कायले पाह्यजे तुले?"

"कापड घ्याले," ती म्हणाली.

त्याला कळेना. पण तिचं बरोबर होतं. सगळा कापूस बोटीनं चालला, कोष्ट्याच्या मागाला सूत मिळेना, आणि कापड इतकं महागलं की कापूस पिकवणाऱ्यांच्याच अंगावर ठिगळं आली. मैनाबाईनं घरातल्या एकेकाला उभं करून माझ्यावर छातीचं माप घेतलं आणि गाठी मारल्या. सूर्यभानची, दोन्ही पोरांची, स्वतःची आणि शेवटची लेकीची, शकुनची. शकुनला गुदगुल्या होत होत्या. ती इतकी हसली की तिचं माप दोनदा घ्यावं लागलं.

मग आम्ही दोघी अकोल्याच्या बाजारात जायचो. मैनाबाई कापडाच्या थानाचं शेवटचं टोक मागायची. त्याच्यावर गिरणीचा निळा छाप असतो म्हणून ते कोणी घेत नाही, आणि दुकानदार अर्ध्या मोलात देऊन टाकतो. छाप ती काखेत दडवून शिवायची. कोरं कापड पाण्यात आटतं म्हणून गाठीपुढं दोन बोटं जास्त घ्यायची, त्यापुढं सूतभरही नाही. शालिकराम शेठ आपल्या हातानं मोजायला लागले की ती मला पुढं करायची.

"तुमचा हात आखूड हाय शेठजी. माह्या दोरीनं मोजा."

"मैनाबाई, या दोरीनं एक दिवस फाशीच देसान तुमी मले!" शेठ कपाळाला हात लावायचे. मी मात्र फुगून जायची.

शकुनचं लग्न झालं आणि ती पातूरला नांदायला गेली. पातूर काही काशी नव्हे, गाडीनं दिवसभराची वाट. पण मैनाबाईचं जाणं होईना. आधी पेरणी, मग निंदण, मग वेचणी. कापसाला असा भाव असताना बैल रिकामे कोण देतो? अशी तीन सालं गेली. मग निरोप आला, शकुनला सातवा महिना लागला. आईनं हिरवी चोळी घेऊन यावं.

"पोरीच्या ओटीले तरी पुरा खण न्या," शेठ म्हणाले.

"माह्या पोरीचं माप मले ठाऊक हाय," मैनाबाई म्हणाली. तिनं शकुनच्या गाठीवर बोट ठेवलं, दिवस गेलेत म्हणून आणखी दोन बोटं धरली आणि पाऊणच खण फाडून घेतला. वाचलेल्या पैशात लेकीसाठी खारका घेतल्या. चोळी घरी शिवली, सुरेख शिवली.

पातूरला ओटीसाठी गावच्या बाया जमल्या होत्या. आतल्या खोलीत शकुननं चोळी घातली. पुढची दोन टोकं काही केल्या भेटेनात. चांगली चार बोटं कमी!

मैनाबाईनं लेकीच्या खांद्यांवरून हात फिरवला. "एवढे खांदे कावून भरले वं?"

"बागेचं पानी मीच ओढून राहिली ना माय, दोन सालापासून," शकुन हळूच म्हणाली. "तुले कोनं सांगितलं नाही?"

सांगणार कोण? बाहेरून सासू पार्बताबाईची हाक आली, "झालं का वं? बाया खोळंबल्या!"

मैनाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "कापड मोजत बसली मी शकुन. तुले पाह्याले नाही आली."

मग तिनं कनवटीतून मला काढलं आणि चोळीच्या दोन टोकांमधून ओवून घट्ट बांधलं. वरून पदर ओढला. शकुन बाहेर जाऊन पाटावर बसली, बायांनी ओटी भरली, कोणाला काही कळलं नाही. मी मात्र तिच्या काळजाशी होते आणि ते कसं धडधडतंय ते ऐकत होते. मला माझीच लाज वाटली. मी तसूभरही चुकले नव्हते. पण मी जिचं माप सांगितलं, ती हसरी पोर आता राहिली नव्हती.

निघताना मैनाबाईनं मला परत मागितलं नाही. तेव्हापासून मी पातूरलाच आहे. आता पिवळी पडलेय, टोकाला विसविशीत झालेय. मैनाबाई दर साली येते, वेचणी अर्धी टाकून येते. सूर्यभान करवादतो, पण बैल जुंपून देतो. ती आधी लेकीला कवेत घेते आणि मग नव्या मापासाठी शकुनच मला हुडकून काढते.

तुम्हीही थानाची टोकं घ्या, छाप काखेत दडवा, शेठशी खुशाल भांडा. मी काही काटकसरीच्या वाईटावर नाही. एवढंच सांगते, लांब दिलेल्या लेकीचं माप घरी बसून धरू नका. गाडी जुंपा आणि जाऊन या.

शकुनची जुनी गाठ सुटली नाही, फार आवळलेली होती. पुढच्या सालच्या खेपेला मैनाबाईनं त्या गाठीपुढं चार बोटांवर नवी मारली. त्या मधल्या चार बोटांवर कोणाचा हात लागला की मला अजून दुखतं.