जुडग्यातली आठवी वायर

मी एक वायर बोलतेय. दोन हात लांब, तांबड्या रंगाची, मधोमध एक सांधा असलेली. माझ्यामुळे एका चांगल्या बाईच्या पोटावर पाय यायची वेळ आली होती, हे आधीच कबूल करून टाकते. मागून कुणाकडून तरी कळण्यापेक्षा माझ्याच तोंडून कळलेलं बरं.

कारखान्यात मी भल्यामोठ्या रिळावर गुंडाळलेली होते. तिथून दुकानात आले आणि दुकानातून एका घड्याळं दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांच्या घरी. सगळे त्यांना घड्याळजीच म्हणत. त्यांनी मला रेडिओपासून खिडकीतल्या स्पीकरपर्यंत ओढलं. सकाळी ते दाढी करायचे आणि माझ्यातून गाणी जायची. मला वाटलं, आपण सुखात पडलो.

मग हळूहळू रेडिओचा आवाज वाढत गेला. "बाबा, अहो शेजारी तक्रार करतात," असं सुनेनं दोनदा सांगितलं. घड्याळजींनी स्पीकर बदलला, पुन्हा एकदा बदलला. दोष स्पीकरमध्ये नव्हता आणि माझ्यात तर मुळीच नव्हता. दुरुस्तीला घरी आणलेलं घड्याळ ते एका कानाशी धरायचे, मग दुसऱ्या कानाशी, आणि मग खाली ठेवून नुसतेच त्याच्याकडे बघत बसायचे. घरात कुणाला काही बोलले नाहीत. माणसं डोळ्यांना चष्मा लागला की चारचौघांत सांगतात, कानांचं मात्र लपवतात. का, ते मला अजून समजलेलं नाही.

एके दिवशी त्यांनी रेडिओ बंद केला, मला सोडवलं आणि दारातल्या आपल्या छोट्या व्हॅनमध्ये नेलं. हॉर्नचं बटण दाबल्यावर तो वाजला की नाही, हे त्यांना कळेनासं झालं होतं. म्हणून त्यांनी माझं एक टोक हॉर्नच्या वायरला जोडलं आणि दुसऱ्या टोकाला मण्याएवढा लाल दिवा लावला. तो स्टिअरिंगमागे असा बसवला की फक्त त्यांनाच दिसावा. हॉर्न वाजला की दिवा लागायचा.

काम इतकं नेटकं की बघत राहावं. कंपनीच्या सात वायरींच्या जुडग्यात मला आठवी म्हणून बसवलं आणि वरून काळी कापडी टेप गुंडाळली. चूक एकच झाली. घड्याळात केसभरही ढिलं काही चालत नाही, म्हणून त्यांनी मलाही ताणून बसवलं. गाडीत वायरला थोडी ढील लागते, हे त्यांना कोण सांगणार? स्टिअरिंग डावीकडे पूर्ण वळलं की माझी पाठ पत्र्याच्या कडेला घासायची. मी सोसत राहिले.

दोन वर्षांनी त्यांनी व्हॅन अचानक विकून टाकली. विकताना दिवा काढून घेतला, भोकाला रबरी बूच लावलं आणि मला आत तशीच सोडलं.

नव्या मालकीणबाई, म्हणजे ताई, पेशंटची ने-आण करायच्या. आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं, अशी तीन म्हातारी माणसं त्यांच्या भरवशावर होती. पहिले काही महिने बरे गेले. मग माझी पाठ सोलवटली. आतली तार पत्र्याला टेकली की बटणाला हात न लावता हॉर्न कोकलायचा. आणि डावीकडे पूर्ण वळण लागायचं कुठे? हॉस्पिटलच्या गेटवर, 'शांतता राखा' या पाटीच्या बरोब्बर खाली.

"ताई, पाटी दिसत नाही का?" वॉचमन म्हणायचा.

"अहो दादा, मी बटणाला बोटसुद्धा लावलेलं नाही."

"असू दे गं," मागच्या सीटवरच्या आजी म्हणायच्या. "मला एवढं वाजतगाजत कुणी नेलं नव्हतं."

हॉस्पिटलच्या ऑफिसला मात्र हसू येईना. पुन्हा एकदा वाजला तर दुसरी गाडी लावू, असं त्यांनी ताईंना बजावलं. त्या दिवशी ताई गाडीत येऊन बसल्या आणि बराच वेळ किल्ली फिरवेनात. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या मिस्त्रींनी आधीच हॉर्न बदलला होता, बटण बदललं होतं. त्यांच्या दारात उभी असताना गाडी अगदी गुणी बाळासारखी वागायची. शेवटी त्यांनी विचारलं, "नेमका कुठे वाजतो हो?"

"हॉस्पिटलच्या गेटवर. दुसरीकडे कुठेच नाही. माझं नशीबच फुटकं."

मिस्त्रींना त्या गेटवरचं डावं वळण आठवलं. मग आत बसून त्यांनी स्टिअरिंग डावीकडे पूर्ण फिरवलं, आणि मी कोकलले. त्यांनी झाकण उघडलं, टेप सोडवली आणि वायरी मोजल्या.

"कंपनी सात देते. इथे आठ आहेत. आधीच्या मालकाची करामत दिसतेय."

"मग कापा की ती आठवी."

"ती पुढे डॅशबोर्डमागे गेलीय. कशाला जोडलीय ते कळल्याशिवाय मी कापणार नाही. उद्या ब्रेकचे दिवे बंद पडले तर? सगळं उतरवून बघावं लागेल. दोन दिवस जातील."

"उद्या सकाळी सातला तीन पेशंट आहेत, दादा. त्यांचा एक दिवससुद्धा चुकवून चालत नाही."

म्हणून त्यांनी गाडीच्या जुन्या कागदांवरून नंबर काढून फोन लावला. सुनेनं उचलला. ती घड्याळजींच्या कानाशी ओरडून विचारतेय, हे फोनमधून मलाही ऐकू आलं. मग ती म्हणाली, "बाबा म्हणतात, त्यांनी गाडीत कशालाच हात लावलेला नाही."

मला फार वाईट वाटलं. पण रागवायचं तरी कसं? त्या दोन वर्षांत हीच सून त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत होती. खरं काय ते तिच्यासमोर कोणत्या तोंडानं सांगतील ते?

तासाभरात घड्याळजी स्वतः बसने आले. मागे सून. घड्याळजींनी सरळ स्टिअरिंगखाली हात घातला आणि न बघता मला धरलं.

"ही माझी. कापा. पुढे कशालाच जोडलेली नाही." आणि मग त्यांनी दिव्याचं सगळं सांगितलं.

"बाबा, ऐकू येत नव्हतं आणि तुम्ही गाडी चालवत होतात?" सून म्हणाली. त्यांना शब्द कळले नसावेत, पण तिचा चेहरा कळला.

"म्हणून तर विकली," ते म्हणाले. "माझा हॉर्न वाजला की दिवा लागायचा. एकदा मागून एक जण कितीतरी वेळ हॉर्न वाजवत होता. शेवटी खिडकीशी येऊन ओरडला तेव्हा मला कळलं. त्याच्या गाडीत त्याची आई आजारी होती, तिला हॉस्पिटलमध्ये न्यायचं होतं. दुसऱ्याचा हॉर्न दाखवणारा दिवा काही मला बसवता येईना."

ताई आजाऱ्यांनाच नेणाऱ्या. त्यांचे डोळे भरून आले. त्या जवळ जाऊन मोठ्यानं म्हणाल्या, "आजोबा, फोनवर नाही म्हणालात तेव्हा तुमचा फार राग आला होता."

"मलाही आला," घड्याळजी म्हणाले. "म्हणून तर आलो."

मिस्त्रींनी मला कापून काढलं आणि भंगाराच्या डब्यात टाकायला निघाले. सून म्हणाली, "टाकू नका. घरी लागेल."

आता मी पुन्हा घड्याळजींच्या घरी आहे. त्यांनी माझा सोलवटलेला भाग काढून टाकला, सांधा मारला आणि मला दारावरच्या बेलपासून आपल्या खुर्चीसमोरच्या भिंतीपर्यंत ओढलं. टोकाला तोच लाल दिवा आहे, आणि तो कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मधूनमधून ताई येऊन जातात. परवा सांगत होत्या, हॉस्पिटलच्या गेटवरचा वॉचमन विचारतो, "बँड कुठे गेला तुमचा?"

माझं एवढंच मागणं आहे, की जुनी गाडी दुसऱ्याच्या हाती देताना आत काय जोडलंय आणि का, ते सांगून द्या. सांगायला जड जाईल, पण सांगा. पुढे त्या गाडीत कोण बसणार आहे, हे तुम्हाला माहीत नसतं.

आज सकाळी घरात दुसरं कुणी नव्हतं. बेल वाजली, दिवा लागला, आणि घड्याळजींनी उठून दार उघडलं. मी भिंतीवर निवांत होते. या वेळी त्यांनी मला चार बोटं ढील ठेवली आहे.